थोरल्याचा डोळा

पुण्याच्या नदी महोत्सवात मोनाली निरगुडाला सकाळपासून दोन गोष्टी छळत होत्या. एक म्हणजे नवी चप्पल, आणि दुसरी म्हणजे येईल त्याला तीच ती कहाणी सांगणं. मुख्य दालनात तिचं चित्र भिंतभर मोठं करून लावलं होतं. गेरूनं सारवलेल्या लाल कुडावर तांदळाच्या पिठानं काढलेला माणसाएवढा लांब मासा, आणि त्याचा टपोरा पांढरा डोळा. शेजारी पाटी होती: 'मोनाली निरगुडा, वय चोवीस, आदिवासी युवा चित्रकार, उंबरखोंडा ठाकूरवाडी.' लोक पाटी वाचत, मग तिच्याकडे बघत आणि हटकून विचारत, "डोळा एवढा मोठा का हो?"

मग ती सांगे. पुस्तकात ह्या माशाला महसीर म्हणतात, पण आमच्या वाडीत त्याचं नाव घेत नाहीत, थोरला म्हणतात. घोणी नदीत खडकातला एक खोल डोह आहे, तिथं तो राहतो. त्याला कुणी धरत नाही. होळी झाली की चित्र काढणारी बाई डोहात कमरेएवढ्या पाण्यात जाऊन बसते. थोरला वर आला आणि त्यानं तिच्याकडे बघितलं, की तिनं ओल्या अंगानं येऊन भिंतीवरच्या माशाला डोळा काढायचा. नाही आला तर डोळा कोरा. त्या वर्षीही वाडीत लग्नं लागतात, पण ती थोरल्यानं न बघितलेली.

"किती गोड!" असं म्हणून लोक पुढच्या दालनात जात. ह्या कहाणीत भाताचाही एक भाग होता, पण तो मोनाली हल्ली गाळत असे. का गाळत असे ते लवकरच कळेल.

दुपारी टाच सोलून निघाली तेव्हा बसायला जागा शोधत ती एका अंधाऱ्या खोलीत शिरली. आत पडद्यावर चित्रफीत चालू होती. 'माशाच्या नजरेतून नदी' असं काहीसं तिचं नाव होतं. मोनालीनं खुर्ची ओढली आणि चपलेचा पट्टा सोडवायला वाकली. पडद्यावर हिरवट पाणी होतं, गोटे होते, चिमुकल्या माशांचा थवा इकडून तिकडे पळत होता. कॅमेरा सावकाश वर सरकत गेला. वर उजेड होता आणि उजेडात दोन सावळे पाय. पोपटी लुगड्याचा काठ पाण्यावर तरंगत होता. मग पाणी फुटलं आणि एका बाईचा चेहरा दिसला. तिच्या डाव्या भुवईवर जुन्या खोकेची खूण होती आणि ओंजळीत भाताचा मुटका. बाई हसत होती, आणि त्याच वेळी रडत होती.

मोनालीचा हात आपसूक आपल्या डाव्या भुवईकडे गेला.

"अगं बाई, तुम्हीच ना त्या?" मागून कुणीतरी आनंदानं ओरडलं. त्या होत्या डॉ. मुक्ता सरपोतदार. ती चित्रफीत ज्या संस्थेची, तिथल्या त्या प्रमुख अभियंत्या. पन्नाशीच्या, डोक्यावर चष्मा चढवलेल्या आणि तोच चष्मा पर्समध्ये शोधत असलेल्या. "हे आमचं सगळ्यात लाडकं चित्रीकरण आहे. या, तुम्हाला त्याचा भाऊ दाखवते."

खोलीच्या टोकाला काचेची मोठी टाकी होती आणि तिच्यात थोरला पोहत होता. सोनेरी खवले, जाड ओठ, मिशा, सगळं जिथल्या तिथं. शेपटी हलवायची ढबही तीच, किंचित आळशी.

"आत मोटार नाही बरं का," मुक्ताबाई सांगू लागल्या. "विजेचा बारीक झटका दिला की आखडणारं एक प्लास्टिक असतं, तेच याचे स्नायू. कातडी सिलिकॉनची, खवले एकेक चिकटवलेले. कडेनं ही रेघ दिसते ना? खऱ्या माशालाही असते. तिनं पाण्याचा दाब कळतो, म्हणून तो दगडावर आपटत नाही. आणि डोळ्यांच्या जागी कॅमेरे."

"कशाला पण?" मोनालीनं विचारलं. आवाज आपलाच आहे ना, असं तिला वाटलं.

"वाटाड्या म्हणून. महसीर अंडी घालायला नदीच्या वर वर जातात, आणि वाट दाखवतात ते जुने मोठे मासे. नदीत मोठे उरलेच नसतील तर नुसती पिल्लं सोडून काय उपयोग? जिथं सोडाल तिथंच भोवंडत राहतात बिचारी. हा त्यांना वर घेऊन जाणार. शिवाय माणूस दिसला की जवळ जाऊन नीट बघायचं, असंही शिकवलंय त्याला. चोरून मासे कोण मारतं ते कळावं म्हणून."

"आमच्या घोणीत खरे किती आहेत?"

मुक्ताबाईंचा चेहरा उतरला. "मासा पाण्यातून गेला की त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर, खवल्यांचे कण मागं राहतात. तांब्याभर पाणी घेतलं तरी त्यातल्या डीएनएवरून सांगता येतं, इथून कुठला मासा गेला. घोणीचं पाणी आम्ही सात वर्षं तपासतोय. महसीरचा एक कणसुद्धा नाही हो. पिल्लंही अजून सोडलेली नाहीत. तुमच्या डोहात तो एकच आहे, आमचा." मग त्यांनी विचारलं, "तुम्हाला हे ठाऊक होतं ना? वीज प्रकल्पाच्या लोकांनी सांगितलं असेलच."

"हो," मोनाली म्हणाली.

त्या माशाच्या बाबतीत ती दुसऱ्यांदा 'हो' म्हणाली होती, आणि दोन्ही वेळा खोटं.

आता थोडं मागं जायला हवं. घोणीवर जलविद्युत प्रकल्प आला तेव्हा मोनाली शाळेत होती. नदीचं बहुतेक पाणी बोगद्यातून पलीकडच्या खोऱ्यात गेलं, आणि वाडीच्या वाट्याला उरली ती गोट्यांमधून वाट काढणारी धार. नदी मेली म्हणून काही लोक कोर्टात गेले. मग दोन्ही बाजूंचे तज्ज्ञ आपापल्या प्रयोगशाळांचे अहवाल घेऊन भांडत बसले. एकाच्या अहवालात मासे असत, दुसऱ्याच्या अहवालात नसत. शेवटी सरकार कंटाळलं आणि नवा नियम निघाला, त्याचं नाव लोकसाक्ष. नदी जिवंत आहे की नाही हे काठावरच्या लोकांनी दरवर्षी सांगायचं, आणि ते त्यांच्या रीतीनं सांगायचं. उंबरखोंड्याची रीत म्हणजे भिंतीवरचा मासा. डोळा असेल तर नदी जिवंत. सलग सात वर्षं डोळा कोरा राहिला तर मात्र बोगद्याची दारं बंद करायची आणि तीन वर्षं सगळं पाणी नदीला सोडायचं.

सहा वर्षं हिराकाकीनं डोळा कोरा ठेवला. मोनालीला काडी धरायला शिकवणारी ती हीच, नात्यानं लांबची, पण मायेनं जवळची. सातव्या वर्षी तिच्या हाताला कंप सुटला आणि चावून मऊ केलेली ती बांबूची काडी मोनालीच्या हाती आली. होळीनंतर आठवड्यानं मोनालीच्या थोरल्या बहिणीचं, पूनमचं लग्न होतं.

त्या दिवशी मोनाली आईचं पोपटी लुगडं नेसून डोहात बसली. वर खडकावर हिराकाकी पिठाची वाटी घेऊन बसली होती, पण तिला आता लांबचं नीट दिसत नव्हतं. बराच वेळ काही झालं नाही. मग खालून एक सोनेरी सावली वर आली. आली, थांबली, आणि अगदी समोर येऊन मोनालीच्या तोंडाकडे बघत राहिली. मोनालीला रडू फुटलं. सहा वर्षं वाडीतल्या एकाही लग्नाला न आलेला थोरला तिच्याकडे बघत होता! तिनं भाताची ओंजळ पुढं केली. रीत अशी की तो बघतो आणि मग हातातला भात खातो. दोन्ही झालं तरच डोळा.

त्यानं तोंड उघडलंच नाही. तो वळला आणि गेला. भाताचा मुटका तिच्या बोटांतून सुटून पाण्याबरोबर खाली वाहत गेला.

"भात खाल्ला ना गं?" वरून काकीनं विचारलं.

भूक नसेल त्याला, मोनालीच्या मनात आलं. म्हातारा झाला असेल. आठ दिवसांवर ताईचं लग्न आलंय. आला तर होता ना?

"हो," ती म्हणाली, आणि काकीनं कपाळ खडकाला टेकवलं.

पूनमच्या लग्नाचा चौक, म्हणजे ते डोळ्याच्या माशाचं चित्र, वाडीनं पुन्हा पुन्हा बघितला. सहा वर्षांनी थोरला लग्नाला आला होता. आणि सहा वर्षांची मोजणी त्या एका डोळ्यानं पुसली गेली, बोगदा चालू राहिला. पण तेव्हा ते कुणाला खुपलं नाही. थोरला आहे म्हटल्यावर नदी आहेच, असंच सगळ्यांनी धरलं.

पुण्याहून परतल्यावर मोनाली सरळ प्रकल्पाच्या कचेरीत गेली. तिथले जनसंपर्क अधिकारी काळसेकर साहेब वाडीतल्या प्रत्येकाला नावानं ओळखत, बारशाला येत, आजारी माणसाला स्वतःच्या गाडीतून तालुक्याला नेत. माणूस वाईट नव्हता, म्हणून तर त्याच्याशी भांडणं इतकं अवघड जायचं.

"ये, ये. पुणं गाजवलंस म्हणे!" त्यांनी चहा मागवला.

"सर, डोहातला मासा मशीन आहे."

काळसेकरांनी बशीत चहा ओतला. "हो. त्या संस्थेचा प्रयोग आहे. परवानगी आम्ही दिली."

"मग मागच्या होळीला बोलला का नाहीत?"

"मला कुणी विचारलं? हे बघ मोनाली, तो खरा आहे असं आम्ही कधी म्हटलं? साक्षीच्या कागदावर माझी सही नाही. डोळा तू काढलास."

ते खोटं नव्हतं, म्हणून तिला जास्तच लागलं. "मी साक्ष मागं घेते."

"घेता येत नाही. कुणी दमदाटी करून साक्ष फिरवू नये म्हणून तसा नियमच आहे. तुमच्याच भल्याचा आहे तो."

"मग यंदा कोरा ठेवते."

"ठेव की. यंदाचं पहिलं वर्ष धरतील. असे सात झाले की बोगदा बंद. तू तेव्हा तीस वर्षांची असशील." ते अगदी प्रेमळपणे बोलत होते. "काडी हातात घेतलीच नाहीस तर ते वर्ष मोजतच नाहीत. आणि डोळा काढलास तर प्रश्नच मिटला. तुझे किसनभावजी जूनमध्ये कायम होतायत आमच्याकडे. वाडीतले बारा जण कामाला आहेत. मी धमकी देत नाही हां, नुसतं सांगतोय. चहा घे, गार होतोय."

मोनालीनं चहा घेतला. घरी परत जाताना तिला सारखं वाटत होतं, की बांबूच्या खोइनीत, मासे धरायच्या सापळ्यात शिरलेल्या माशासारखं आपलं झालंय. आत यायला तोंड केवढं मोठं होतं, आणि आता वळावं तिकडे काड्यांची टोकं.

हिराकाकीच्या अंगणात मोहाची फुलं वाळत घातली होती. काकी त्यातला कचरा निवडत बसली होती. मोनाली उभ्याउभ्याच बोलली, बसली असती तर धीर सुटला असता.

"काकी, मागल्या साली थोरल्यानं भात नाय खाल्ला. मी खोटं बोलले. आन तो थोरलाबी नव्हता. पुण्याच्या लोकांनी केलेलं मशीन व्हतं."

काकीचा निवडणारा हात थांबला नाही. "मशीनचं मला ठाव नव्हतं. भाताचं व्हतं."

"म्हंजे?"

"दुसऱ्या दिवशी लुगडी धुवाया गेलते. खालच्या दगडाला तुझा मुटका तसाच अडकलेला. खेकड्यानंबी तोंड लावला नव्हता."

"मग बोलली का नाय?"

"सहा वर्सं रिकामा डोळा मी ठेवला, पोरी. लगीन होऊन जाणारी येकेक पोर जाताना माझ्याकडं बघायची, जशी काय मीच त्याला येऊ दिला नाय. मग तू हो म्हणली. मलाबी तो आलेलाच पायजे व्हता गं. म्हणून तो भात मी पायानं पाण्यात लोटला नि घरी आले." काकीनं एक वाळकं पान फुलांतून काढून टाकलं. "घरी आल्यावर रडले. पण बोलले नाय."

मोनाली तिच्याशेजारी खाली बसली. म्हणजे आपण एकटीच यात अडकलेलो नाही. वाईट एवढंच की त्यानं हलकं काही वाटलं नाही.

"आता काय करू?"

"खोटं बोलणाऱ्या हातातनं काडी जाते. रीत हाय. ती मी मोडाची नाय, तुझ्यासाठीबी नाय. यंदा भिंतीम्होरं समद्यांच्या देखत काडी खाली ठेवाची. पण ठेवायच्या आदी येक चित्र तुझ्या हातात हाय. त्यात काय काढाचं ते तुझं तू बघ."

पूनमला सांगणं त्याहून अवघड होतं. ती वाडीतच खालच्या आळीत दिलेली होती आणि तिला सातवा महिना लागला होता. ती सुपात तांदूळ निवडत होती. मोनालीचं सगळं बोलणं होईपर्यंत तिनं मान वर केली नाही.

"म्हंजे माझं लगीन कुणी बघला?" शेवटी तिनं विचारलं.

"पुण्याच्या खोलीतल्या लोकांनी."

"तू जलमभर गप ऱ्हायली असतीस तर काय बिघाडला असता?"

मोनालीकडे उत्तर होतं, पण ते नदीबद्दलचं होतं. आणि समोर बहीण होती.

"यांची नोकरी जाईल. आन माझा चौक खोटा ठरंल, त्यो निराळाच." पूनमनं सूप बाजूला ठेवलं. "परवा भिंतीवर तू हे समदं काढलास ना मोना, तर माझ्याशी बोलाचं नाय. कधीच नाय."

घरी येऊन मोनालीनं मुक्ताबाईंना फोन लावला आणि डोळ्याची, भाताची, लोकसाक्षीची सगळी हकिगत पहिल्यांदाच पूर्ण सांगितली.  मग मुक्ताबाई म्हणाल्या, "मला हे कुणी सांगितलं नव्हतं. तारीख, वेळ, सगळ्यासकट चित्रीकरण पाठवते. कुणाला पाठवू तेवढं सांगा."

होळी झाली. साक्षीच्या दिवशी सकाळी मोनाली रीतीप्रमाणे डोहात जाऊन बसली. तेच पोपटी लुगडं, तसाच भाताचा मुटका. सोनेरी सावली खालून वर आली, अगदी समोर थांबली आणि तिच्याकडे बघू लागली. ह्या खेपेला मोनालीनंही त्याच्याकडे नीट बघितलं. काळ्याभोर बाहुलीच्या आत, खूप खोल, एक बारीक गोल काच होती. वर्षभरापूर्वीही ती तिथंच असणार. तिनं भात पुढं केला, आणि तो वळून गेला.

ओल्या अंगानं ती समाजघरात आली. कुडाची भिंत नव्यानं सारवलेली होती. वाडी सगळी जमली होती. पूनम दाराजवळ पोटावर हात ठेवून उभी होती आणि किसनभावजी तिच्या मागं. काळसेकर साहेबांना खुर्ची दिली होती. जिल्ह्याहून आलेले साक्ष अधिकारी तांडेल मांडीवर फॉर्म घेऊन बसले होते. फॉर्मवर दोनच चौकटी होत्या, 'डोळा काढला' आणि 'डोळा कोरा'. खाली दोन रेघा होत्या. चित्रकार चित्राबद्दल जे सांगेल ते अधिकाऱ्यानं जसंच्या तसं तिथं लिहायचं असे. सहा वर्षं त्या रेघांवर काही लिहायची वेळ आली नव्हती, सातव्या वर्षी तर नाहीच नाही.

मोनालीनं मासा काढला. शेपटीपासून सुरुवात केली, खवले भरले, मिशा काढल्या. माशासमोर पाण्यात बसलेली बाई काढली. ठाकरांच्या चित्रात बाई असते तशीच, साधी. तिच्या हातातून सुटून खाली वाहत गेलेल्या भाताची शितं काढली, एकेक करून, अगदी खालच्या दगडापर्यंत. हिराकाकी जवळ येऊन, डोळे बारीक करून ती शितं बघत होती. काडी दगडापाशी पोचली तेव्हा तिनं तोंडावर पदर घेतला.

मग मोनालीनं डोळा काढला, मागच्या वर्षीपेक्षा दुप्पट मोठा. आणि डोळ्याच्या आत तिनं एक माणूस काढला. खुर्चीवर बसलेला, समोर पडदा असलेला, आणि त्या पडद्यावर पुन्हा ती पाण्यातली बाई, तांदळाच्या दाण्याएवढी.

वाडीत कुजबुज सुरू झाली. एक म्हातारा काठी टेकत पुढं आला, त्यानं डोळ्यात वाकून बघितलं आणि मागं वळून म्हणाला, "आरं, यात तर मानूस बसलाय!"

तांडेलांनी पेन वर धरलं. "बाई, ही कुठली चौकट? डोळा काढला, की कोरा?"

"काढला," मोनाली म्हणाली. "आता काय काढलंय ते लिहा. मागच्या होळीला मी डोहात बसले. मासा आला, त्यानं माझ्याकडे बघितलं, भात खाल्ला नाही. मी खाल्ला म्हणून खोटं सांगितलं. तो मासा पुण्याला केलेला होता. त्याच्या डोळ्यातून माणसं बघत होती. ह्या नदीतल्या थोरल्यानं मला बघितलेलं नाही."

काळसेकर खुर्चीतून उठले. "मागची साक्ष मागं घेता येत नाही, साहेब."

"मी मागं घेत नाही," मोनाली म्हणाली. "यंदाचं चित्र यंदाचंच आहे. त्यात मागच्या वर्षी झालेलं आहे, एवढंच. चित्रात काय आहे ते मी सांगायचं आणि साहेबांनी लिहायचं, असा नियम आहे ना?"

तांडेलांनी फॉर्म उलटा केला, सुलटा केला, नियमाची पुस्तिका काढून वाचली. "आहे," ते म्हणाले. "पुरावा?"

"तुमच्या कचेरीत काल पुण्याहून आला असेल."

तांडेल लिहू लागले. दोन रेघा पुरल्या नाहीत. ते समासात लिहीत गेले.

मोनालीनं काडी पुसली आणि भिंतीपाशी जमिनीवर ठेवली. नऊ वर्षांची असल्यापासून तिच्या बोटांना त्या काडीची सवय होती. हात एकदम रिकामा झाला आणि त्याचं काय करावं ते तिला कळेना, म्हणून तिनं तो लुगड्याला पुसला. काडी कोण उचलणार म्हणून सगळे एकमेकांकडे बघत होते. काकीनं चित्र शिकवलं होतं ते ह्या दोघी बहिणींनाच, आणि त्यातल्या एकीची काडी आत्ताच गेली होती. पूनम पोट सावरत पुढं आली, अवघडून वाकली आणि तिनं काडी उचलली. बहिणीकडे तिनं बघितलंसुद्धा नाही.

चौकशी चार महिने चालली. चित्र, जबानी आणि चित्रीकरण एकमेकांशी जुळत होतं. मागची साक्ष रद्द झाली नाही, पण ते वर्ष कोऱ्या डोळ्याचं धरावं असा निकाल आला, म्हणजे सात पूर्ण भरले. बोगद्याची दारं बंद झाली. किसनभावजींसकट बाराही जणांचं काम सुटलं. काळसेकर साहेबांची बदली झाली, आणि जाताना ते वाडीतल्या प्रत्येक घरी निरोप घ्यायला आले, मोनालीच्यासुद्धा. मुक्ताबाईंनी स्वतः येऊन आपला मासा डोहातून काढून नेला.

पाणी आलं. आधी गढूळ, मग स्वच्छ, आणि घोणी खालच्या मोठ्या नदीला पुन्हा जाऊन मिळाली. पण थोरला काही लगेच येत नव्हता. पहिल्या होळीला पूनम डोहात बसली आणि कोरा डोळा ठेवून परतली. दुसऱ्या होळीलाही तेच. वाडीत आता उघड बोलत, की नोकऱ्या गेल्या आणि मासाही नाही, ह्या पोरीनं साधलं काय? मोनाली तालुक्याच्या शाळेत मुलांना चित्रकला शिकवायला जाई. फुलं, डोंगर, झोपड्या. मासा तिनं फळ्यावरही कधी काढला नाही. पूनमला मुलगी झाली, रांगली, चालायला लागली. मोनाली तिला लांबूनच बघे. दोघी एकाच पाणवठ्यावर जात, पण बोलत नसत.

रोज सकाळी पाणी भरायला गेली की मोनाली मुठीत थोडा भात नेई. रीत म्हणून नव्हे. ती आता चित्र काढणारी नव्हती, तिला तो हक्कही नव्हता. उगाच, सवयीनं ती पाण्यात हात धरी आणि भात सुटून जाईपर्यंत उभी राही.

तिसऱ्या वर्षी, होळीला चार दिवस असताना, एका सकाळी तिचा हात पाण्यात असतानाच काहीतरी जाड, खरबरीत तिच्या बोटांना घासून गेलं. तिनं खाली बघितलं. सावली सोनेरी नव्हती, काळपट होती, हातभरसुद्धा लांब नव्हती, आणि एक खवला तुटलेला होता. त्या सावलीनं मोनालीकडे बघितलंच नाही, बघायला तिला सवड नव्हती. तिनं ओठ पुढं केले, मुठीतला भात ओढला आणि बोटाचं कातडंही जरासं ओढलं. मग सावली खाली गेली. मोनालीची मूठ रिकामी होती.

हंडा तिथंच टाकून ती खालच्या आळीत पळत गेली. पूनम चुलीपाशी बसली होती आणि तिची पोर तिच्या पाठीवर लोंबकळत होती. मोनाली दारात उभी राहिली. दम लागला होता, हातातून पाणी ठिबकत होतं. तीन वर्षांत ती त्या दारात आली नव्हती.

पूनमनं त्या ओल्या हाताकडे बघितलं.  मग तिनं तीन वर्षांत पहिल्यांदा बहिणीला विचारलं, "भात खाल्ला?"

 'हो' हा एक शब्द मोनालीनं कधीच वापरून टाकला होता. "मी सांगाचं नाय, ताई," ती म्हणाली. "तू चल. तूच बघ."

पूनमनं पोरीला कडेवर घेतलं आणि चुलीवरच्या टोपातला गरम भात ओंजळीत घेतला. काडी कोनाड्यात होती. तिला तिनं हात लावला नाही. दोघी नदीकडे निघाल्या, पूनम पुढं आणि मोनाली मागं. आळीच्या वळणावर पूनम थांबली, मोनाली बरोबरीला येईपर्यंत थांबली, आणि अर्धा भात तिच्या ओल्या हातावर ठेवून पुढं चालू लागली.